पापुद्रा

शर्वाणी तेव्हा पाचच गोष्टी खायची.
दुधात बुडवलेलं बिस्किट, तीनदा बुडवायचं, चौथ्यांदा नाही.
गुळाची चपाती, कडा काढून.
शेवया. खारी.
आणि केळं, एकही डाग नसलेलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला,
यादी मागितली, पेन उघडलं.
केळं तेवढं उरलं.

"गव्हाचा कणसुद्धा नको," बाई म्हणाल्या.
मी हात टेबलाखाली घेतले.
अठरा वर्षं राजारामपुरीतल्या बेकरीत भट्टीवर आहे,
माझ्या नखांच्या कडेला
मैदा असतोच.

मग घर पालथं घातलं.
पोळपाट गेला, लाटणं गेलं,
हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ निघालं. हिंगाच्या!
गिरणीवाले मगदूम म्हणाले,
"दिवसभर गहूच दळतोय बघा, खोटं कशाला बोलू."
हप्त्यावर घरघंटी आणली,
तिच्या आवाजानं शर्वाणी कानांवर हात ठेवून
पलंगाखाली गेली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे उपाशी.
भूक लागली की दगड खाईल."
माझ्या लेकीनं दगडही खाल्ला नसता,
त्याच्यावर डाग असता तर.

आजऱ्याचा घनसाळ तिनं वास घेऊन परत दिला.
पांढऱ्या रश्श्यात बोट बुडवलं,
बोट पुसलं.
नवव्या दिवशी संयोगिता मोरीत गेली
आणि नळ सोडून
बराच वेळ भांडी घासत राहिली.
भांडी घासलेलीच होती.

मी मैद्याचा माणूस.
मैद्याला ओढ असते,
ताणला तर परत येतो, हाताला धरून राहतो.
ज्वारीला ओढ नाही.
थापली की कडेनं चिरते, उचलली की मोडते,
गरम पाण्याशिवाय ऐकत नाही
आणि गरम पाण्यानं माझेच हात भाजतात.
संयोगिता तव्याकडं बघून म्हणायची,
"ही पन्हाळा झाली. ही गगनबावडा."
हसायची तेवढीच.

एका दुपारी एक फुगली.
टम्म.
शर्वाणी दारात उभी.
वाफेनं कडेला भोक पाडलं, फुस्स झालं,
आणि ती म्हणाली, "परत कर."
खायला नव्हे, ऐकायला.
चौथ्या भाकरीचा पापुद्रा तिनं अलगद सोलला,
खिडकीशी धरला,
त्यातनं पलीकडची गच्ची बघितली.
मग जिभेवर ठेवला.
"कागद आहे," म्हणाली.
आणि कागद खाल्ला.

पुढं दोन महिने
पापुद्रा तिचा, खालची जाड बाजू माझी.
पोट सुटलं माझं.
मग कागदाला तूप लागलं,
मग तुपावर गूळ,
मग एकदा चुकून, बोलता बोलता,
जाड बाजूचा एक तुकडा तिच्या तोंडात गेला.
आम्ही दोघांनी बघितलंच नाही असं दाखवलं.

सगळं जमलं असं नाही.
दिराच्या मुलाच्या वाढदिवसाला संयोगितानं डबा दिला होता,
डबा तसाच राहिला.
टेबलाखाली सापडली ही, मुठीत खारीचा चुरा.
तीन दिवस पोट धरून झोपली.
मला रागावता आलं नाही.
ती खारी
माझ्याच हातची होती.

आता सात वर्षांची आहे.
मी भट्टीवरनं येतो तेव्हा उंबऱ्यात आडवी उभी,
"थांब. कपडे बाहेर."
मागच्या दारानं अंघोळीला जातो,
दोनदा साबण, डोक्यावरनं पाणी,
धुतलेला सदरा घालून पुढं येतो, हात पसरून.
ती दोन पावलं लांबच थांबते,
मान वाकडी करून तपासते,
मगदूम मापं तपासायचे तशी.

"डाव्या भुवईवर," म्हणते,
"अजून आहे."